ख्रिस्ती महाविद्यालयांचे नवे वर्ष : आरक्षण नाही, मग आपली वाट कोणती?

बारावीचा निकाल लागला की ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांमध्ये आणि विद्यापीठांमध्ये प्रवेशाची धांदल सुरू होते. मुंबईचे सेंट झेवियर्स, विल्सन आणि सोफिया, नागपूरचे हिस्लॉप, पुण्याचे स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ, बंगळुरूचे ख्राइस्ट विद्यापीठ आणि त्याचे लवासातील कॅम्पस ही नावे आता आपल्या वस्त्यांमध्येही परकी राहिलेली नाहीत. घरातली पहिली पिढी पदवीधर झाली, दुसरी नोकरीला लागली आणि तिसऱ्या पिढीतली मुले या संस्थांचे फॉर्म भरू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

फॉर्म भरताना मात्र दरवर्षी एकच प्रश्न आमच्यापुढे येतो. "यात एससीचा रकाना आहे, पण एससीची जागा कुठे आहे?" वस्तीतल्या प्रवेश मदत केंद्रावर हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांना तीन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की ही संस्था बेकायदेशीर वागते, तिच्याविरुद्ध मोर्चा काढा. दुसरे असे की मिशनऱ्यांना आपली मुले नकोच आहेत. तिसरे उत्तर सोशल मीडियावर जास्त फिरते. त्यानुसार अल्पसंख्याकांचे लाड बंद करा, कलम 30 रद्द करा, म्हणजे आरक्षण आपोआप लागू होईल.

ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि तिसरे तर धोकादायक आहे. ते पसरवणाऱ्यांना ना आपल्या आरक्षणाची काळजी आहे, ना आपल्या मुलांच्या जागांची. म्हणून नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर हा विषय शांतपणे समजून घेऊ या. आमचे म्हणणे थोडक्यात असे. ख्रिस्ती संस्थांना मिळालेला अधिकार बौद्ध म्हणून आपल्यालाही मिळालेला आहे. त्यांच्याकडे आपण न्यायाची मागणी जरूर करावी, पण त्या अधिकारावर कुऱ्हाड चालवू नये. आणि आपल्या हातातला हाच अधिकार पडून का आहे, याचा जाब स्वतःला विचारावा.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या कलम 30(1) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. संस्थेला सरकारी अनुदान मिळत असेल तर कलम 29(2) लागू होते. त्यानुसार केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेच्या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. या दोन कलमांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या प्रकरणात 1991 मध्ये न्यायालयाने अनुदानित अल्पसंख्याक संस्थेला 50 टक्क्यांपर्यंत जागा आपल्या समाजासाठी ठेवण्याची मुभा दिली. 2002 च्या टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही टक्केवारी ताठर न ठेवता राज्यातील परिस्थितीनुसार ठरवावी असे सांगितले आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरेल, हेही स्पष्ट केले.

2005 मध्ये पी. ए. इनामदार प्रकरणाचा निकाल आला. विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आपले आरक्षण लादू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याविरुद्ध देशभर आवाज उठला आणि संसदेने 93 वी घटनादुरुस्ती करून कलम 15(5) आणले. त्यामुळे खासगी संस्थांमध्येही एससी, एसटी आणि सामाजिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी प्रवेशाची विशेष तरतूद करता येऊ लागली. पण याच कलमात कलम 30 खालील अल्पसंख्याक संस्था वगळण्यात आल्या. ही सूट 2014 च्या प्रमती प्रकरणात घटनापीठाने वैध ठरवली. मुंबई उच्च न्यायालयानेही 2017 मध्ये अल्पसंख्याक महाविद्यालयांना मागासवर्गीय आरक्षण लागू होत नाही असा निर्णय दिला.

म्हणजे अल्पसंख्याक दर्जा असलेल्या ख्रिस्ती महाविद्यालयात एससीची राखीव जागा दिसत नसेल, तर ती त्या प्राचार्यांची मनमानी नसते. संविधानाच्या सध्याच्या मजकुरातून आलेली ती स्थिती आहे. त्यावर टीका करता येते, ती बदलावी अशी मागणीही करता येते. पण आंदोलनाचे निवेदन कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी ही वस्तुस्थिती ठाऊक हवी. अन्यथा प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन तास घोषणा देऊन आपण परत येतो आणि मुलाचा प्रवेशही राहतो, आमदारांना विचारायचा प्रश्नही राहतो.

अकरावीचा वाद आणि मुंबईतले 'अल्पसंख्याक'

महाराष्ट्रात हा प्रश्न जून 2025 मध्ये पुन्हा पेटला. राज्य सरकारने 6 मे 2025 रोजी अकरावी प्रवेशाचा शासन निर्णय काढला. अल्पसंख्याक कोट्यातल्या रिकाम्या राहिलेल्या जागा परत केल्यावर त्या सर्वसाधारण प्रक्रियेतून भराव्यात आणि तिथे सामाजिक व समांतर आरक्षण लावावे, असा त्यातील तरतुदीचा रोख होता. दक्षिण मुंबईतील काही नामवंत महाविद्यालये आणि अल्पसंख्याक संस्थांची संघटना उच्च न्यायालयात गेली. 12 जून रोजी न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांपुरता या आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली.

या बातमीवर आपल्या तरुणांनी संताप व्यक्त केला. तो समजण्यासारखा आहे. रिकामी जागा रिकामी तरी राहील किंवा भरगच्च टक्केवारीवाल्याला जाईल, पण आपल्या मुलीला मिळणार नाही, हे कोणाला पटेल? पण या वादाकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुंबईत अल्पसंख्याक दर्जा असलेली महाविद्यालये फक्त ख्रिस्ती नाहीत. सिंधी आणि गुजराती या भाषिक अल्पसंख्याकांच्या, तसेच जैन समाजाच्या अनेक मोठ्या संस्था या यादीत आहेत. त्यांतल्या कित्येक संस्थांमागे व्यापारी भांडवल उभे आहे. कलम 30 चे कवच दुर्बळ समूहाला बहुसंख्याकांच्या दडपणापासून वाचवण्यासाठी आहे. आर्थिकदृष्ट्या बलाढ्य समूह जेव्हा तेच कवच सामाजिक न्यायाची जबाबदारी टाळण्यासाठी वापरतो, तेव्हा त्या कलमाचा हेतूच हरवतो. हा मुद्दा सर्वच अल्पसंख्याक संस्थांना लागू आहे. एकट्या ख्रिस्ती संस्थांना त्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल.

आणि ज्या खासगी विद्यापीठांना अल्पसंख्याकपणाचे कोणतेही कवच नाही, तिथे काय चित्र आहे? ऑगस्ट 2025 मध्ये शिक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने याच कलम 15(5) च्या अंमलबजावणीवर अहवाल दिला. नावाजलेल्या तीन खासगी उच्च शिक्षण संस्थांमध्ये एससी विद्यार्थ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असल्याचे त्यातून समोर आले. खासगी संस्थांमध्ये आरक्षण बंधनकारक करणारा कायदा संसदेने करावा, अशी शिफारस समितीने केली. 15(5) येऊन जवळजवळ वीस वर्षे झाली, तरी केंद्राने खासगी संस्थांसाठी असा कायदा केलेला नाही. म्हणून आपल्या रागाची दिशा तपासली पाहिजे. बिगर-अल्पसंख्याक खासगी विद्यापीठांचा मोठा पसारा आरक्षणाविना वाढत असताना सगळी चर्चा ख्रिस्ती महाविद्यालयांभोवती फिरत राहिली, तर त्याचा फायदा कोणाला होतो?

दलित ख्रिश्चन मुलगा कोणत्या रांगेत उभा आहे?

ख्रिस्ती संस्थांमधल्या 'ख्रिस्ती कोट्या'कडे आपण एकसंध गोष्ट म्हणून पाहतो. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी तसे पाहू नये. महाराष्ट्रातील अहिल्यानगर, जालना या भागांतला मराठी ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकात महार आणि मांग समाजातून धर्मांतरित झालेला आहे. तो आपल्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, आपल्याच आडनावांचा समाज आहे. मुंबईतल्या एखाद्या नामवंत महाविद्यालयाच्या ख्रिस्ती कोट्यासाठी खेड्यातला मराठी माध्यमाचा दलित ख्रिश्चन मुलगा आणि इंग्रजी माध्यमातला, चार पिढ्या शिकलेल्या घरातला शहरी ख्रिस्ती मुलगा एकाच रांगेत उभे असतात. पुढे कोण जाणार हे सांगायला नको.

1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम अजूनही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसींमध्ये गणले जाते. त्यांच्या मागणीवर विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. चर्चनेही आतला भेदभाव पूर्णपणे झाकलेला नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केले. अँथनी पूला हे 2022 मध्ये कार्डिनल झाले, ते भारतातले पहिले दलित कार्डिनल. कॅथलिक चर्चला भारतात किती शतके झाली हे लक्षात घेतले की या 'पहिले' शब्दाचा अर्थ कळतो.

आम्हाला इथे आपल्या चळवळीला एक सांगायचे आहे. धर्म बदलल्याने जातीची वागणूक आपोआप संपत नाही, हे 1956 ते 1990 अशी चौतीस वर्षे बौद्ध समाज सरकारला सांगत होता. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती गेल्या म्हणून आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने जे भोगले, तेच आज दलित ख्रिश्चन भोगतो आहे. त्याच्या मागणीने आपला वाटा कमी होईल ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून एकूण टक्केवारी वाढवण्याची मागणी करता येते. पण त्याच्या मागणीला आपण विरोध करणे हे आपल्याच इतिहासाला विरोध करणे होईल.

कलम 30 वर घाव घातला तर तो कुठे बसेल?

2025 च्या फेब्रुवारीत बोधगयेत भिक्खू उपोषणाला बसले. 1949 च्या बोधगया मंदिर कायद्यामुळे महाबोधी महाविहाराच्या व्यवस्थापनात बौद्धांना पूर्ण अधिकार नाही. तो कायदा रद्द करा आणि महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या, ही त्यांची मागणी आहे. महाराष्ट्रातल्या गावागावांतून त्यासाठी मोर्चे निघाले. कायद्याच्या भाषेत तो प्रश्न धार्मिक व्यवस्थापनाच्या कलम 26 चा आहे, शिक्षणाच्या कलम 30 चा नाही. पण तत्त्व एकच आहे. अल्पसंख्याक समाजाला आपली संस्था आपण चालवण्याचा अधिकार हवा. बोधगयेत हे तत्त्व आपल्याला हवे आणि झेवियर्सच्या दारात नको, असे म्हणता येणार नाही.

8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने 1967 चा अझीझ बाशा निकाल बाजूला सारला. संसदेच्या कायद्याने विद्यापीठ अस्तित्वात आले एवढ्यावरून त्याचे अल्पसंख्याक स्वरूप जात नाही. ते कोणी, कोणासाठी, कोणाच्या प्रयत्नाने उभे केले हे पाहावे लागेल, असे त्या निकालाचे सार आहे. उद्या बौद्ध समाजाने विद्यापीठ उभे केले तर हीच कसोटी आपल्याला उपयोगी पडणार आहे.

शिवाय घाव एकट्यावर बसत नसतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली, तेव्हा ती फक्त मुस्लिमांची नव्हती. ख्रिस्ती, शीख, पारशी, जैन आणि बौद्ध संशोधकांनाही ती मिळत होती. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर रद्द झाले. आदिवासींसाठी आयुष्य घालवून तुरुंगवासात असतानाच 5 जुलै 2021 रोजी गेलेल्या वृद्ध जेझुइटाच्या स्मरणाचे व्याख्यानही त्याच्याच संघाच्या महाविद्यालयात होऊ शकत नाही, एवढे दडपण आज या संस्थांवर आहे. अशा वेळी 'त्यांचा विशेष अधिकार काढा' म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळताना आपण कोणाच्या मिरवणुकीत चाललो आहोत, हे पाहायला हवे.

बाबासाहेबांनी जेझुइटांकडे का पाहिले?

ख्रिस्ती शिक्षणसंस्थांशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तरुण भीमरावांना बुद्धचरित्राची प्रत भेट देणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. सरकारी शाळेने 1856 मध्ये धारवाडच्या महार मुलाला प्रवेश नाकारला, त्या काळात अस्पृश्य मुलांना बसायला जागा दिली ती मुख्यतः मिशनच्या शाळांनी. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच. पण पाटी हातात आली, हेही खरे.

1950 मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात भिक्खू संघाच्या स्थितीवर त्यांनी परखड टीका केली. भिक्खूंची संख्या कमी असली तरी चालेल, पण ते उच्चशिक्षित हवेत, आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून काही गुण घ्यायला हवेत, असे त्यांनी सुचवले. आशियात ख्रिस्ती धर्म शिक्षण आणि वैद्यकीय सेवेच्या मार्गाने पसरला. तेथील धर्मगुरू धर्मग्रंथांबरोबर कला आणि विज्ञानातही पारंगत असतो म्हणून ते शक्य झाले, असे त्यांचे विश्लेषण होते. हा आदर्श मुळात जुन्या भिक्खूंचाच होता, नालंदा आणि तक्षशिला ही विद्यापीठे भिक्खूंनीच चालवली, याची आठवणही त्यांनी करून दिली.

सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइटांनी 1869 मध्ये सुरू केले. विल्सनची मुळे 1832 च्या शाळेत आहेत, हिस्लॉप 1883 चे. या संस्था एवढी वर्षे टिकल्या त्यामागे परदेशी पैसा होता, वसाहती सत्तेचा आश्रय होता, हे मान्य करू या. पण तेवढेच कारण नव्हते. संस्था एका व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या मालकीची राहिली नाही. आयुष्यभर शिकवायला तयार असलेले फादर आणि सिस्टर्स मिळत गेले. कॉलेजच्या आधी शाळा आणि शाळेबरोबर वसतिगृह उभे राहिले. प्राचार्य बदलले तरी ग्रंथालय बदलले नाही.

याउलट आपले चित्र काय? बाबासाहेबांनी 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थनंतर एका वर्षाने, 1947 मध्ये, भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसाने अहमदनगर कॉलेज सुरू केले. दोन्ही संस्था एकाच काळातल्या, दोन्हींचे संस्थापक अमेरिकेत शिकून आलेले. सिद्धार्थ आणि मिलिंदने आपल्याला लेखक, प्राध्यापक, अधिकारी आणि पँथर दिले. दलित साहित्याची चळवळ मिलिंदच्या आवारात वाढली. पण सोसायटीच्या ताब्यावरून झालेले वाद आणि कोर्टकचेऱ्या समाजाला ठाऊक आहेत. जो वेळ नवे अभ्यासक्रम, नवी वसतिगृहे आणि नव्या प्राध्यापकांवर खर्च व्हायला हवा होता, तो त्यात गेला.

आकडे आणखी स्पष्ट बोलतात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांहून अधिक आहेत आणि ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार. म्हणजे राज्यात आपण त्यांच्या सहापट आहोत. साक्षरतेत फार अंतर नाही: देशभरात ख्रिस्ती साडेचौऱ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, बौद्ध एक्क्याऐंशी टक्क्यांच्या वर. पण पदवीधरांचे प्रमाण ख्रिस्ती समाजात 8.8 टक्के आणि बौद्धांमध्ये 6.2 टक्के आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 मध्ये अल्पसंख्याक शाळांवर अहवाल दिला. त्या अहवालामागच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पण त्यातला एक आकडा आपण पाठ करावा असा आहे. देशातल्या धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिस्ती 11.54 टक्के आहेत आणि धार्मिक अल्पसंख्याक शाळांमध्ये त्यांचा वाटा 71.96 टक्के. बौद्ध लोकसंख्येने 3.83 टक्के आहेत आणि शाळांमधला वाटा 0.48 टक्के. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. 23 ऑक्टोबर 1993 च्या अधिसूचनेने ख्रिस्ती आणि बौद्ध एकाच दिवशी राष्ट्रीय अल्पसंख्याक ठरले. अधिकार दोघांना सारखाच मिळाला, वापर मात्र असा झाला.

या वर्षी काय करायचे?

पहिले काम प्रवेशाचे आणि पैशाचे. मागच्या काही वर्षांत आम्ही सर्वाधिक नुकसान पाहिले आहे ते चुकीच्या कोट्यातल्या प्रवेशाने. आमच्याकडे आलेल्या एका मुलीचा व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश संस्था स्तरावरून, मॅनेजमेंट कोट्यात झाला होता. घरच्यांना वाटले, एससी आहोत तर फ्रीशिप मिळेलच. पहिल्या वर्षाची फी सोनाराकडे दागिने ठेवून भरली गेली आणि महाडीबीटीवरचा अर्ज नामंजूर झाला. केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत मॅनेजमेंट कोट्यातले प्रवेश बसत नाहीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, मिळालेला प्रवेशच सुरक्षित धरावा. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, हा फरक पालकांना समजावून सांगा. अभिमत किंवा खासगी विद्यापीठात पैसे भरण्याआधी तिथे शिष्यवृत्ती लागू आहे का, हे समाज कल्याण कार्यालयातून लेखी विचारून घ्या. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा.

दुसरे काम कागदांचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' आणि बोलताना 'बौद्ध' अशी आपली जुनी अडचण आहे. 1990 पर्यंत सवलतींसाठी अनेकांनी नाइलाजाने तसे लिहिले. आता तशी गरज नाही. बौद्ध असूनही अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळते. मुलांच्या पहिलीच्या प्रवेशातच धर्म 'बौद्ध' नोंदवा. पुढे बौद्ध अल्पसंख्याक संस्था उभ्या राहिल्या तर त्यांच्या कोट्यासाठी हीच नोंद लागणार आहे.

तिसरे काम ख्रिस्ती संस्थांशी बोलण्याचे. मोर्चा घेऊन जाण्याआधी माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि दलित ख्रिश्चन कार्यकर्ते यांचे एकत्र शिष्टमंडळ घेऊन जा. मागण्या साध्या ठेवा. ख्रिस्ती कोट्यात दलित आणि आदिवासी ख्रिस्ती मुलांना प्राधान्य द्यावे. उरलेल्या जागांमध्ये एससी, एसटी विद्यार्थ्यांसाठी स्वेच्छेने निश्चित वाटा ठेवावा. विद्यार्थ्यांची सामाजिक वर्गवारी दरवर्षी जाहीर करावी. कायद्याने सूट मिळाली म्हणून स्वेच्छेने न्याय करायला कोणी मनाई केलेली नाही. गरिबांची बाजू घेण्याची भाषा चर्च स्वतःच करते. प्रवेशाच्या यादीत ती दिसावी एवढेच आपले म्हणणे आहे.

चौथे काम लोकप्रतिनिधींना विचारण्याचे. संसदीय समितीच्या शिफारशीनुसार बिगर-अल्पसंख्याक खासगी विद्यापीठांमध्ये आरक्षणाचा कायदा कधी येणार? त्या जागांची फी सरकार भरणार का? फीची तरतूद नसलेले आरक्षण कागदावरच राहते. हा प्रश्न प्रत्येक खासदाराला लेखी विचारा आणि उत्तर समाजासमोर ठेवा.

पाचवे काम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचे. आपल्या संस्था. गावोगावी आपली विहारे आहेत, त्यांची सभागृहे आहेत, 14 एप्रिलला आणि अशोक विजयादशमीला वर्गणी उभी राहते. ज्या ट्रस्टचे विश्वस्त बौद्ध आहेत आणि ज्यांच्या घटनेत शिक्षण हा उद्देश आहे, त्यांच्या शाळा-महाविद्यालयांनी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडे किंवा 2004 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडे दर्जासाठी अर्ज करता येतो. राज्यात एससीला 13 टक्के जागा मिळतात. बौद्ध अल्पसंख्याक संस्थेत बौद्ध मुलांसाठी त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा ठेवता येतील. पण तेव्हा मातंग, चर्मकार, आदिवासी आणि भटक्या समाजातल्या मुलांसाठी आपल्या संस्थेतही स्वेच्छेने वाटा ठेवावा लागेल. जे आपण झेवियर्सकडे मागतो ते आपल्या दारात नाकारता येणार नाही. आणि संस्था कोणा एका नेत्याच्या, गटाच्या किंवा घराण्याच्या हातात जाणार नाही, अशी घटना पहिल्याच दिवशी लिहावी लागेल. या एका बाबतीत जेझुइटांकडून शिकायला कमीपणा मानू नये. बाबासाहेबांनी मानला नाही.

सुरुवात विद्यापीठाने करायची गरज नाही. विहाराच्या सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका, जिल्ह्याच्या ठिकाणी वीस मुलींचे वसतिगृह, दोन निवृत्त प्राध्यापकांचे इंग्रजीचे वर्ग, एवढ्याने सुरुवात होते. विल्सनही एका शाळेपासूनच सुरू झाले होते.

पुढच्या आठवड्यांत गुणवत्ता याद्या लागतील. आपल्या वस्तीतली जी मुले या ख्रिस्ती महाविद्यालयांमध्ये पोहोचतील, त्यांना निर्धास्तपणे जाऊ द्या. तिथले ग्रंथालय वापरा, तिथल्या दलित ख्रिश्चन मित्राला वस्तीत घेऊन या, शिकून परत या. आणि ज्यांची नावे यादीत नसतील, त्यांच्यासाठी कॅपच्या पुढच्या फेरीची तारीख आजच लिहून ठेवा. आपल्या परिसरातल्या विहारात या महिन्यात प्रवेश मदत केंद्र सुरू झाले नसेल, तर ते सुरू करण्याची जबाबदारी हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याची आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.